मीटिओर 350 च्या टायरमध्ये हवा किती? तिन्ही ऋतूंनंतरचा अनुभव

रॉयल एनफिल्ड मीटिओर 350 घेतल्यापासून उन्हाळा, पावसाळा, हिवाळा असे तिन्ही ऋतू तिच्यावर काढून झाले. रोजचं पुण्यातलं ट्रॅफिक, अधूनमधून ताम्हिणीतून कोकण, कधी सातारा-महाबळेश्वर. या गाडीच्या इंजिनाबद्दल आणि सीटबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला लिहायचंय ते टायरमधल्या हवेबद्दल. 191 किलोची ही गाडी हाताला हलकी लागते की जड, हे माझ्या अनुभवात चार-पाच पीएसआयवरच (पीएसआय म्हणजे टायरमधला दाब मोजायचं माप) ठरतं.

आधी आकडे. एकट्याने चालवायची असेल तर पुढे 32, मागे 32. मागे कुणी बसणार असेल तर पुढे 32 च, मागे 36. पुढचा टायर 100/90-19, मागचा 140/70-17, दोन्ही ट्यूबलेस. हे आकडे थंड टायरचे आहेत, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असावी किंवा फार तर एखाद-दोन किलोमीटर चाललेली असावी. मीटिओर ही क्रूझर, म्हणजे पाय पुढे ठेवून ऐसपैस बसायची गाडी; पण दुसरी क्रूझर असेल तर हे आकडे उचलू नका. अ‍ॅव्हेंजर 220 चं मागचं चाक 15 इंची, टायर 130/90, तिचं गणित वेगळं. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत असेल ते खरं. टायरच्या बाजूवर जो कमाल दाब छापलेला असतो, ती त्या टायरची मर्यादा असते. तेवढी हवा भरायची असते असा त्याचा अर्थ नाही, पण तो आकडा वाचून हवा भरणारे मी बरेच पाहिलेत.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथल्या पोराला काही सांगितलं नाही तर तो सगळ्या गाड्यांना एकच हिशोब लावतो: पुढे 25, मागे 35. रोजच्या वापराच्या हलक्या गाडीला ते चालून जातं. मीटिओरच्या पुढच्या चाकात 25 म्हणजे सरळ 7 पीएसआय कमी. फरक कुठे कळतो? पुलाखाली यू-टर्न घेताना हँडल जड लागतं, आणि घाटात गाडी आखलेल्या रेषेवर राहायला कां-कूं करते, वळणात मधेच पुन्हा दुरुस्त करावी लागते. 32 केल्यावर तीच गाडी त्याच वळणात नुसत्या नजरेने वळते. ज्यांना मीटिओर 'शहरात जड' वाटते, त्यांनी आधी पुढच्या चाकाची हवा बघावी, अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता क्रूझरवाल्यांचा खास मोह. साध्या गाडीवर खड्डा दिसला की आपण फूटपेगवर जोर देऊन ढुंगण थोडं उचलतो, झटका पायांत जिरतो. क्रूझरवर पाय पुढे असतात, उठता येत नाही, सगळा मार कंबरेत बसतो. मग कुणीतरी सल्ला देतं, मागची हवा 26-28 वर आणा, गाडी मऊ होईल. होते मऊ, खोटं नाही. पण क्रूझरचं मागचं चाकच सगळ्यात जास्त ओझं वाहतं: चालवणाऱ्याचं वजन मागे सरकलेलं, मागे बसणारा जवळजवळ अ‍ॅक्सलवर, बॅगा त्याच्याही मागे. हवा कमी असली की टायरच्या भिंती प्रत्येक फेरीत जास्त दबतात आणि सुटतात, टायर तापतो, आणि मे महिन्यात भर दुपारी हायवेवर तो ताप टायरला परवडणारा नसतो. शिवाय मोठ्या खड्ड्यात रिमवर मार बसून अलॉयला पोचा येण्याची भीती.

मऊपणा हवा असेल तर तो सस्पेन्शनमधून काढा. मीटिओरच्या मागच्या शॉक अ‍ॅब्झॉर्बरला प्रीलोडच्या (स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याच्या) सहा पायऱ्या आहेत. एकटा असताना मी खालच्या पायरीवर ठेवतो. बायको सोबत असली आणि बॅगा बांधल्या की दोन्ही बाजूंना सारखा वर घेतो आणि हवा 36. हे दोन्ही बरोबर केलं की स्पीडब्रेकरवर मागून 'हळू' असा आवाज येत नाही. नुसती हवा वाढवून प्रीलोड तसाच ठेवला तर गाडी मागे बसते, आणि नुसता प्रीलोड वाढवून हवा 32 च ठेवली तर मागचं चाक वळणात लिबलिबतं. घरी परत आल्यावर हवा पुन्हा 32 वर आणायची, हे मात्र आठवणीने करावं लागतं. एकट्याने 36 वर फिरलं की रंबलरवर, म्हणजे रस्त्यावरच्या लागोपाठच्या उंचवट्याच्या पट्ट्यांवर, मागचं चाक उड्या मारतं, आणि टायर मधोमध लवकर झिजून सपाट होतो.

पावसाळ्यातला प्रसंग सांगतो. जूनमध्ये पंक्चरच्या दुकानात हवा तपासायला थांबलो होतो. दुकानदार काका म्हणाले, "दादा, पावसाचं चार-पाच पॉइंट कमी ठेवा, पकड येते." फार लोक असं मानतात, आणि काका तर आपुलकीने सांगत होते. तरी मी 32 च ठेवायला सांगितली. रस्त्यावर साचलेलं पाणी टायरने बाजूला ढकलायचं असतं, आणि ते ढकलायला टायरमध्ये दाब लागतो. हवा कमी असली की टायर पाण्यावर तरंगायला लागतो तो कमी वेगातच, आणि खाचाही दबून अरुंद होतात. चिखलातल्या कच्च्या रस्त्यावर हवा थोडी उतरवणं समजू शकतो, पण ताम्हिणीच्या ओल्या डांबरावर नाही. संपूर्ण पावसाळा 32 वर काढला, एकदाही चाक सुटल्यासारखं वाटलं नाही. ओल्या रस्त्यावर वेग कमी ठेवणं आणि ब्रेक हळू दाबणं हे त्यात आलंच.

उन्हाळ्यात उलटा प्रकार होतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की 32 वर साधारण दीड पीएसआयची भर पडते, आणि चालून टायर तापतो ते वेगळंच. सकाळी घरी 32 असलेली हवा दुपारी खंबाटकी ओलांडून चहाला थांबल्यावर 35-36 दिसते. घाबरून ती काढायची नाही. काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये 28-29 उरते. खरं तर ही वाढ म्हणजे चांगली खूण आहे. थंड आकड्यापेक्षा दहा टक्क्यांच्या आसपास वाढ झाली तर हवा योग्य होती. त्याहून बरीच जास्त वाढली तर सकाळी हवा कमी होती, टायर गरजेपेक्षा जास्त तापला. महाबळेश्वरला चढताना बाहेरचा हवेचा दाब कमी होतो म्हणून गेज (टायरमधला दाब मोजायचं साधन) पुण्यापेक्षा साधारण एक पीएसआय जास्त दाखवू शकतं, पण वर थंडी असेल तर तेवढंच परत कमीही होतं. तिकडे लक्ष देऊ नका. लक्ष द्यायचं ते डिसेंबरात. मेमध्ये भरलेली हवा तशीच ठेवली तर पहाटेच्या थंडीने चार पीएसआय आपोआप खाल्लेले असतात, गळती नसतानाही.

म्हणून स्वतःचं गेज घ्याच. एका पंपावरच्या मशीनने 32 दाखवून बीप दिली, माझ्या गेजवर 28 निघाली. दुसऱ्या ठिकाणी तीन जास्त निघाली. गेज डिजिटल असो की पेन्सिलसारखं, दर वेळी तेच वापरा, म्हणजे निदान कालच्या आणि आजच्या आकड्याची तुलना खरी होते. त्यामुळेच टायरमध्ये घुसलेला एक स्क्रू सापडला. मागच्या चाकाची हवा महिन्याला एखाद-दोन पीएसआय उतरते, ते चालतं. एकदा दोन दिवसांत चार उतरली. साबणाचं पाणी सोडत चाक हळूहळू फिरवलं, तर खाचेच्या तळाशी डोकं तुटलेला बारीक स्क्रू, आणि त्याच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे. नुसत्या डोळ्यांना तो खडाच वाटला असता.

हवा भरताना एक अडचण येते. ब्रेकची डिस्क मध्ये येते, त्यामुळे पंपाचं नोझल व्हॉल्व्हवर सरळ बसत नाही आणि फुस्स करून हवा निघून जाते. 90 अंशात वाकलेला छोटा अ‍ॅडाप्टर मिळतो, तो सोबत ठेवा. पण व्हॉल्व्हवर कायमचा बसवू नका, चाकाच्या वेगाने तो बाहेर ओढला जातो आणि व्हॉल्व्हच्या रबरावर ताण येतो. व्हॉल्व्हची टोपी मात्र कायम लावलेली हवी, चिखल आत गेला की सुई नीट बसत नाही.

नायट्रोजनवर मी पैसे घालवत नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजन असतोच. त्याच पैशात चार्जिंगवर चालणारा छोटा इन्फ्लेटर (हवा भरायचा पंप) घेतला, तो सकाळी पार्किंगमध्ये थंड टायरवर लावायचा, आकडा ठरवायचा, तिथे तो आपोआप थांबतो. त्याचाही आकडा मी गेजवर एकदा ताडून घेतो.