अल्फाफोल्ड डेटाबेस वापरताय? केशरी भाग सोडून देऊ नका

अल्फाफोल्ड प्रोटीन स्ट्रक्चर डेटाबेस ही साइट गुगलची एआय कंपनी डीपमाइंड आणि युरोपातली संशोधन संस्था ईएमबीएल-ईबीआय यांनी २०२१ मध्ये सुरू केली, पूर्ण फुकट आहे, लॉगिनसुद्धा मागत नाही आणि आता २० कोटींच्या वर प्रोटीन्सचे, एआयने अंदाज बांधलेले आकार तिथे बघायला मिळतात. मी ती मुख्यतः एकाच प्रोटीनसाठी उघडते, एमईसीपी२, कारण मैत्रिणीच्या मुलीला रेट सिंड्रोम आहे (या प्रोटीनच्या जीनमधल्या बिघाडाने होणारा मेंदूच्या वाढीचा आजार) आणि तिच्या रिपोर्टमधलं म्युटेशन नेमकं कुठे बसतं हे मैत्रिणीला डोळ्यांनी बघायचं होतं.

सर्चमध्ये नाव टाकून माणसाचं प्रोटीन निवडलं की ४८६ अमिनो आम्लांची साखळी थ्रीडीत उघडते. गडद निळा म्हणजे आकाराची खात्री जास्त, केशरी म्हणजे खात्रीचा स्कोअर १०० पैकी ५० च्या खाली. मधे एक छोटा निळा गोळा दिसतो, डीएनएवरच्या मिथाइल खुणा पकडणारा भाग तोच. टी१५८एम हे रेटमध्ये नेहमी सापडणारं म्युटेशन याच भागात येतं, साखळीत १५८ वर क्लिक केलं की जागा लगेच कळते, हे मला फार आवडलं. बाकी बहुतेक सगळं केशरी, शिजलेल्या शेवयांसारखं इकडे तिकडे पसरलेलं.

आणि इथेच लोक फसतात, केशरी म्हणजे बिनकामाचा भाग असं धरून चालतात. अहो, त्या भागाला एकच पक्का आकार नसतो म्हणून स्कोअर कमी येतो, आणि असे सैल भागच बऱ्याचदा प्रोटीनचे थेंब, म्हणजे पेशीत रेणू एकत्र जमून होणारे छोटे गोळे, बनवायला मदत करतात! पेशीच्या केंद्रकात एमईसीपी२ डीएनएबरोबर गोळा होऊन बिनपडद्याचे थेंब करतं आणि घट्ट बांधलेला डीएनए तिथे एकत्र राहतो. अमेरिकेत रिचर्ड यंग यांच्या लॅबने २०२० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात दाखवलं की रेटची म्युटेशन्स हे थेंब बिघडवतात. आर१६८एक्स या म्युटेशनमध्ये तर साखळी १६८ ला तुटते, म्हणजे पुढचा केशरी पट्टा जवळजवळ सगळा जातो. हे प्रयोग परीक्षानळीत आणि पेशींवर झालेत, मुलांच्या मेंदूत नेमकं किती नुकसान थेंब बिघडल्यामुळे होतं हा प्रश्न अजून उघडाच आहे, तरी तो पट्टा नजरेआड करून चालणार नाही.

दुसरी मर्यादा म्हणजे मॉडेल एकट्या रेणूचं असतं, थेंब तर असंख्य रेणूंचा. मेंदूतल्या पेशींच्या जोडणीवरचं सिनगॅप हे प्रोटीन घ्या, हाँगकाँगमधल्या मिंगजिए झांग यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की त्याचे तीन रेणू एकमेकांना गुंफून पीएसडी-९५ या तिथल्याच दुसऱ्या प्रोटीनबरोबर थेंब करतात, आणि या सिनगॅपचा जीन बिघडला की मुलांमध्ये बौद्धिक अक्षमता आणि फिट्स येतात. एकट्या साखळीचं चित्र बघून यातलं काहीच कळत नाही.

माझ्याकडून ५ पैकी ४ स्टार. बायोलॉजीच्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी जरूर वापरा. पालकांनी जागा समजून घेण्यापुरती बघा, म्युटेशन किती गंभीर हे रंगावरून ठरवू नका, तो रिपोर्ट जेनेटिक काउन्सेलरकडेच घेऊन जा.