मोल्सवर्थचा कोश: 'फुटणे' बघायला उघडला आणि रात्रभर मिटला नाही

फ्लोरा फाउंटनच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळताना मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचं पुनर्मुद्रण दिसलं, पाचशे सांगितले, चारशेला दिलं, आणि वजन असं की चर्चगेटपर्यंत नेताना हात भरून आला. तीन महिने रोज वापरतेय, म्हणून आता लिहिते.

मी मराठी कथांचं इंग्रजी करते आणि एका कथेत पार अडकले होते. कथेत आधी तांबडं फुटतं, मग पावसात शेताचा बांध फुटतो, गाईला पान्हा फुटतो, आणि शेवटच्या पानावर बाप गेल्यापासून गप्प झालेल्या पोराला वाचा फुटते. मी चार जागी चार वेगळी क्रियापदं टाकून मोकळी झाले होते, वाचायला छान वाटत होतं पण कथेचा जीवच गेला होता आणि कुठे गेला तेच कळेना.

कोशात 'फुटणें' काढलं (क्रियापदं अशी अनुस्वार देऊन छापलीयत, सवय होते), मग तिथून तुटणें, मोडणें, फाटणें असं करत रात्री दीडपर्यंत बसले. दोरी तुटते, काठी मोडते, कापड फाटतं, मडकं फुटतं. आपण बोलताना एकदाही चुकत नाही आणि एकदाही थांबून बघत नाही. फुटायला आधी आत काहीतरी भरलेलं लागतं आणि ते बाहेर येतं! घाम, हुंदका, कोंब, उकळी, बिंग, सगळं आतलं बाहेर. त्या कथेतला बांध आणि ते पोर एकच आहेत, लेखकाने हे कुठे सांगितलं नाहीये, फक्त क्रियापद तेच ठेवलंय. माझ्या अंगावर काटा आला.

आणि हे काही जुन्या पुस्तकातच आहे असं नाही, आपल्या मुंबईत गोविंदा येतो हंडी फुटते, निवडणूक झाली की आमदार फुटतात, परीक्षा आली की पेपर फुटतो. पेपरचा अर्थ कोशात शोधू नका, ही दुसरी आवृत्ती 1857 ची, आणि मुंबई विद्यापीठ निघालं तेच त्या वर्षी.

या क्रियापदाचा धाक किती आहे ते मात्र मला लोकलमध्ये कळलं. दादरला लेडीज डब्यात चढताना गर्दीत माझी हिरवी बांगडी गेली, मी म्हटलं, "अरे, फुटली." शेजारच्या मावशींनी पटकन माझा हात धरला, काच लागली का बघितलं आणि म्हणाल्या, "फुटली नाही म्हणू गं, वाढली म्हण." माझी आजी नारळसुद्धा वाढवायची, फोडायची नाही. जिथे सौभाग्याचा प्रश्न आला तिथे बायकांनी तो शब्दच बाजूला ठेवला आणि त्याच्या जागी थेट उलट अर्थाचा आणून बसवला, याच्याएवढं मोठं काव्य मला कुठे सापडलेलं नाही.

आता तक्रारी. टाइप बारीक, चष्मा असूनही त्रास होतो. माझ्या प्रतीची शिवण सुटतेय, पण ती जुनी घेतली म्हणून, त्यात कोशाचा दोष नाही. अर्थ सगळे इंग्रजीत, त्यामुळे मराठीतून मराठी हवं असेल तर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बघा, 1932 ते 1938 मध्ये सात भाग निघाले आणि 1950 ला पुरवणी, त्यात वाक्प्रचार आणि जुन्या ग्रंथांतले दाखले भरपूर आहेत. हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाच्या साइटवर फुकट सर्च करता येतात, मी ट्रेनमध्ये मोबाइलवर तेच वापरते. पण घरी छापील पाहिजेच, कारण सर्चमध्ये मागितलेला शब्द मिळतो आणि शेजारचे दहा दिसत नाहीत, मला तर सगळं शेजारच्यांतच मिळालं. भाषांतर करणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, लिहिणाऱ्यांनी नक्की घ्या, चारशे रुपये काहीच नाहीत.

कथेत मी आता इंग्रजीतही एकच क्रियापद धरलंय. पहाटेला 'ब्रेक' चालतं, बांधाला चालतं, पोराचं मौन सुटतं तिथेही चालतं. पान्ह्याला काही केल्या चालत नाहीये, ते वाक्य अजून तसंच आहे आणि संपादकांनी सोमवारपर्यंत मुदत दिलीय.