टर्बो पेट्रोलमध्ये ५डब्ल्यू-३० ऑइल: सव्वा वर्ष आणि १७ हजार किमीनंतर

गाडी एक लिटर, तीन सिलिंडर, टर्बो पेट्रोल, डायरेक्ट इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणारी. राहायला नाशिकला, रोजचं ऑफिस जेमतेम सहा किमी आणि दीड-दोन महिन्यातनं एकदा नागपूर कारण सासुरवाडी तिकडे. म्हणजे रोज सकाळी इंजिन नीट गरम व्हायच्या आत गाडी बंद होते आणि मग एक दिवस सिन्नरजवळच्या गोंद्याला समृद्धीवर चढलं की साडेपाचशेच्या वर किमी एका दमात, १०० ते १२० च्या स्पीडने, तेही मे महिन्यात विदर्भाच्या ४४-४५ डिग्रीत. ऑइलची परीक्षा दोन्ही बाजूंनी होते म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

सुरुवात एका चुकीतनं झाली. वॉरंटी संपली, म्हणून डिसेंबरात ओळखीच्या एका मल्टीब्रँड गॅरेजला सर्व्हिसिंग केलं. दोनच दिवसांनी सकाळी स्टार्ट मारला तर वरून टकटकटक आवाज, दोन-तीन सेकंद, मग शांत. निफाडकडे पारा खाली गेला की नाशिकलाही चांगलीच थंडी पडते, त्या आठवड्यात रोज हेच. बिलावर नुसतं 'इंजिन ऑइल साडेतीन लिटर', ग्रेड काहीच नाही. परत गेलो आणि ड्रमजवळ वाकून लेबल वाचलं, १५डब्ल्यू-४०, एपीआय एसएल (एपीआय ही ऑइलचा दर्जा ठरवणारी अमेरिकन संस्था). मेकॅनिक म्हणाला, "साहेब सगळ्या पेट्रोल गाड्यांना हेच टाकतो, आपल्याकडे गरमी, जाड ऑइलच चांगलं." माणूस वाईट नाही, हाताला चांगला आहे, पण एसएल हे २००१ सालचं स्टँडर्ड, आपल्याकडे टर्बो पेट्रोल हा प्रकार घराघरात यायच्या कितीतरी आधीचं. माझ्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, ५डब्ल्यू-३०, एपीआय एसएन प्लस किंवा एसपी, नाहीतर एसीईए (युरोपातल्या कार कंपन्यांची संघटना) चं सी३. ते ऑइल ७०० किमीवर काढून टाकलं, पैसे गेले तर गेले. नवीन ५डब्ल्यू-३० एसपी घातल्यावर तो टकटक आवाज दुसऱ्या दिवसापासून बंद, आजपर्यंत परत आलेला नाही.

'जाड म्हणजे चांगलं' हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की त्याबद्दल थोडं सांगतोच. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतलं वागणं सांगतो आणि नंतरचा आकडा १०० डिग्रीला ऑइल किती घट्ट राहतं ते. म्हणजे ५डब्ल्यू-३० आणि १०डब्ल्यू-३० इंजिन गरम झाल्यावर जवळपास सारखेच, फरक सकाळच्या पहिल्या काही सेकंदांचा. ० किंवा ५ बघून 'हे तर पाण्यासारखं, आपल्या उन्हात टिकणार नाही' असं लोक म्हणतात ते चूक आहे. आणि टर्बोला ते पहिले सेकंद फार महत्त्वाचे, कारण टर्बोचा शाफ्ट बहुतेक गाड्यांत बॉल बेअरिंगवर नाही, ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, छोट्या टर्बोत मिनिटाला दोन लाख फेऱ्यांपर्यंत. एका बाजूला एक्झॉस्टचा ९०० डिग्रीच्या आसपासचा गॅस, मध्ये तेवढंच ऑइल.

दुसरी गोष्ट म्हणजे एसपी ही अक्षरं. २०२० साली आलेलं हे स्टँडर्ड आणि त्यात एलएसपीआयची टेस्ट आहे. एलएसपीआय म्हणजे कमी आरपीएमला इंजिनवर जास्त लोड आला की प्लगची ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, मोठा ठोका बसतो, पिस्टनसुद्धा फुटू शकतो. हे टर्बो डायरेक्ट इंजेक्शनवाल्यांचंच दुखणं आणि ऑइलमधल्या कॅल्शियमवाल्या डिटर्जंटचा त्यात हात असतो, म्हणून नवीन ऑइलमध्ये कॅल्शियम कमी करून मॅग्नेशियम वाढवलंय. ऑइल चांगलं असलं तरी चालवायची सवयही बदलावी लागते, वणीच्या गडावर जाताना नांदुरी सोडली की चढ सुरू होतो, तिथे आधी मी चौथ्या गिअरला १५०० आरपीएमवर अॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढायचो, अॅव्हरेज मिळतं म्हणून. आता सरळ तिसरा, गरज पडली तर दुसरा, इंजिन मोकळं फिरू देतो.

आता डिपस्टिक. ही मी दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना बघतो, जुन्या बनियनचा तुकडा डिकीत ठेवलाय त्यासाठी. गेल्या पावसाळ्यात सलग पाच आठवडे नागपूर झालं नाही, नुसतं घर-ऑफिस. तेव्हा लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढली, वरच्या खुणेच्याही दोन-तीन मिलिमीटर वर, आणि कांडी नाकाजवळ नेली तर पेट्रोलचा स्पष्ट वास. कॅप उघडली तर आतून सायीसारखा पिवळट थर. आधी हेड गॅस्केट गेलं की काय म्हणून धस्स झालं, पण कूलंट टाकीत जिथल्या तिथे होतं. कारण साधं होतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थंड इंजिनात पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवर बसतं, रिंगांवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि इंजिन पुरतं तापलंच नाही तर ते आणि इंजिनात साचलेलं पाणी उडून जात नाही. नंतर नागपूरला जाऊन आलो, दुसऱ्या दिवशी बघितलं तर लेव्हल खुणेच्या आत, वास जवळपास गेलेला, कॅप स्वच्छ. तेव्हापासून आठवड्यातनं एकदा त्र्यंबकपर्यंत तरी गाडी नेऊन आणतो, चाळीस मिनिटं मोकळी चालली पाहिजे.

आणि म्हणूनच मॅन्युअलमधले १० हजार किमी मी पाळत नाही. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आहे की कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, ट्रॅफिक असेल तर लवकर बदला. पहिलं ५डब्ल्यू-३० ऑइल ८ हजार ६०० ला काढलं. काळं होतं, पण काळं म्हणजे खराब असं नसतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये दोन हजारातच काळं पडतं, काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. बोटात घेतलं तर मात्र नव्यापेक्षा पातळ लागलं. पुढचं ७ हजारालाच काढायचं म्हणत होतो, आता ८ हजार चारशे झालेत, याच आठवड्यात काढतोय.

दुसऱ्या वेळी एसपी आणि सी३ दोन्ही छापलेला कॅन घेतला. नुसत्या एसपीवाल्या ३० ग्रेडला १५० डिग्रीला जोरात घासलं जाताना २.९ (मिलिपास्कल-सेकंद) ची घट्टी पुरते, सी३ ला किमान ३.५ लागते. मेमधल्या समृद्धीसाठी मला ते जास्त भरवशाचं वाटलं. अॅव्हरेजमध्ये लक्षात येईल असा फरक नाही. पहिल्या ऑइलला अख्ख्या काळात ३०० मिली वरून घालावं लागलं होतं, याला आत्तापर्यंत शंभरच्या आत. साडेतीन लिटरला अडीच हजाराच्या आसपास पडलं. ब्रँडसाठी भांडू नका, मोठ्या कंपन्यांचं कुठलंही घ्या, पण कॅनच्या मागचं लेबल वाचा आणि डुप्लिकेट माल फार आहे म्हणून पक्कं बिल देणाऱ्याकडनंच घ्या, सील स्वतःसमोर फोडा आणि रिकामा कॅन गॅरेजला तसाच देऊ नका, भोक पाडून द्या.

समृद्धीवर जेवायला थांबताना पण एक सांभाळतो, शेवटचे दोन-तीन किमी ८० ला आणतो आणि पार्किंगमध्ये मिनिटभर आयडल ठेवून मग बंद करतो. तापलेल्या टर्बोत ऑइलचा पुरवठा एकदम तुटला की आतलं ऑइल करपून कोळशासारखं बसतं. बायको आधी वैतागायची, आता तीच मुलाला सांगते, थांब, बाबांचं मिनिट होऊ दे.

एक डिझेलवाल्यांसाठी. नागपूरच्या मेव्हण्याकडे बीएस६ डिझेल आहे, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली. त्याला मी माझ्या गाडीसारखं नुसतं एसपीवालं घे असं कधीच सांगणार नाही. तिथे कमी राखेचं, सी गटातलं आणि मॅन्युअलने सांगितलेलं ऑइलच हवं, कारण काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवून साफ होताना, जळते पण ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, फिल्टरमध्ये साचतच जाते. त्याच्याही गाडीचं रोजचं रनिंग मेडिकल चौक ते सीताबर्डी एवढंच, रिजनरेशन अर्धवट राहतं आणि डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मागच्या वेळी गेलो तेव्हा त्याच्या डिपस्टिकवरही लेव्हल वर होती. त्याला त्याच दिवशी रिंग रोडवर गाडी पळवायला लावली आणि येत्या शनिवारी त्याच्या गाडीचंही ऑइल बदलतोय, कॅन मी इथूनच घेऊन जाणार आहे.