तीन मीटरची ‘१५ नंबर’ मिग टॉर्च: घ्यावी का, आणि घेतल्यावर कशी सांभाळावी

गेट, ग्रिल आणि शेडच्या हलक्या कामासाठी मिग मशीन (गॅसच्या आवरणात, सतत सरकणाऱ्या वायरने वेल्डिंग करणारे) घेणाऱ्या बहुतेक फॅब्रिकेटरांच्या हाती पहिली टॉर्च (हातात धरायची वेल्डिंग गन) येते ती ‘एमबी १५’ पद्धतीची, म्हणजे हवेने थंड होणारी, युरो कनेक्टरची (टॉर्च मशीनला जोडणाऱ्या ठरावीक जोडाची) आणि साधारण तीन मीटर केबलची. मूळ रचना जर्मनीच्या बिन्झेल कंपनीची असली तरी त्याच मापाच्या टॉर्च आज अनेक उत्पादक बनवतात. शिरोली औद्योगिक वसाहतीतील आमच्या वर्कशॉपमध्ये अशीच एक टॉर्च ०.८ मिलिमीटरच्या, तांब्याचा मुलामा असलेल्या वायरवर रोज चालते. हलक्या कामासाठी ती अवश्य घ्यावी, मात्र सोबत मिळणाऱ्या टिपा (वायरला करंट देणारी, पुढची तांब्याची टोके) आणि आत बसवून आलेला लायनर (केबलमधून वायर नेणारी नळी) तपासल्याशिवाय कामाला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या टॉर्चची मान बारीक आहे आणि वजन कमी आहे, त्यामुळे चौकोनी पाइपच्या आतल्या कोपऱ्यात टॅक (तात्पुरता ठिपक्याचा जोड) मारताना मनगटावर ताण येत नाही. क्षमता सीओटूवर (कार्बन डायऑक्साइड) १८० अँपिअर आणि आर्गॉन-सीओटूच्या मिश्र वायूवर १५० अँपिअर, तीही ६० टक्के ड्यूटी सायकलवर; म्हणजे दहा मिनिटांत सहा मिनिटे आर्क आणि चार मिनिटे विश्रांती. मिश्र वायूत आर्कची उष्णता टॉर्चवर जास्त परतते, म्हणून तेथे आकडा कमी होतो. आर्गॉनमिश्रित गॅसवर जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा, कारण हँडल तापू लागले की दोष टॉर्चला दिला जातो आणि करंट मात्र कोणी पाहत नाही. करंट मर्यादेत असूनही हँडल तापत असेल, तर मानेचा जोड किंवा युरो कनेक्टरची चाकी सैल झालेली असते.

सर्वाधिक तक्रार असते ती वायर अडखळत येण्याची, आणि या तक्रारीवर घाईने फीडरचा (रोलरने वायर पुढे ढकलणाऱ्या भागाचा) दाब वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय आहे. दाब वाढवला की रोलर वायर चेपतो, मुलाम्याची भुकटी लायनरमध्ये उतरते आणि पुढे अडथळा आला की रोलरपाशीच वायरचा गुंता होतो. त्याऐवजी कारण वेगळे काढावे. प्रथम केबल सरळ पसरावी, नोझल (टिपेभोवतीचे, गॅस सोडणारे टोपण) आणि टिप काढावी आणि फीडरच्या इंचिंग बटणाने (आर्क न पेटवता वायर सरकवणाऱ्या) वायर चालवून पाहावी. वायर आता सुरळीत आली तर दोष टिपेचा. तशीच अडखळली तर रोलरचा दाब पूर्ण सोडून टॉर्चच्या टोकाकडून वायर हाताने ओढावी. ओढायला जड गेली तर लायनर भरलेला आहे किंवा केबलमध्ये मुडपलेला आहे, आणि सहज आली तर रोलरची खाच झिजली आहे किंवा वायरच्या मापाची नाही. स्पूलचा (वायरच्या रिळाचा) ब्रेक जास्त आवळलेला नाही ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे.

टिप उजेडाकडे धरून पाहिली की बरेच काही कळते. नव्या टिपेचे भोक नेमके गोल दिसते. झिजलेल्या टिपेचे एका बाजूला ओढलेले, लांबट दिसते. अशा भोकात वायरला करंट एकसारखा मिळत नाही, आर्क भरकटतो आणि अखेरीस वायर टिपेलाच वितळून चिकटते. आम्हाला विक्रेत्याकडून टॉर्चसोबत मिळालेल्या टिपांवर ०.८ असे कोरलेले असूनही वायर त्यांत स्पष्टपणे सैल हलत होती. चांगल्या क्रोम-झिर्कोनियम तांब्याच्या टिपा स्वतंत्रपणे घेतल्यावर त्याच मशीनवर, त्याच सेटिंगवर बीड (वेल्डिंगची रेघ) एकसारखे पडू लागले. टिप लहान पान्याने घट्ट बसवावी; सैल टिप तापते आणि मानेचे आटे खराब करते.

लायनरच्या बाबतीत लांबी निर्णायक असते. ०.८ च्या वायरसाठी सहसा निळा आणि १.० ते १.२ साठी लाल लायनर मिळतो. तो केबल सरळ ठेवूनच कापावा, कापलेल्या टोकाची धार कानसून काढावी आणि टोक टिपेच्या मागे नीट टेकेल असे पाहावे. लायनर आखूड राहिला तर त्या मोकळ्या जागेत वायर वाकते, आणि मग नवी टिप घालूनही अडखळणे थांबत नाही. आमच्या टॉर्चमध्ये बसवून आलेला लायनर असाच आखूड निघाला. स्पूल बदलताना टिप काढून कनेक्टरच्या बाजूने कोरडी हवा मारावी. पुढून निघणारी काळपट-तांबूस भुकटी पाहिली की हे काम टाळावेसे वाटणार नाही. पावसाळ्यात स्पूल रात्रभर उघडा ठेवू नये, कारण गंजलेली वायर लायनर फार लवकर निकामी करते.

बीडमध्ये बारीक छिद्रे दिसू लागली की सिलिंडरवर संशय घेण्याआधी नोझल काढावे. आत स्पॅटर (उडालेले धातूचे कण) साठून गॅसची भोके बुजलेली असतात. नोझल हातोडीने ठोकून साफ केल्यास त्याचा गोलावा जातो, म्हणून नोझल साफ करण्याची पक्कड किंवा रीमर वापरावा आणि अँटी-स्पॅटर बेताने लावावे. त्यानंतर युरो कनेक्टरच्या गॅस नळीवरील ओ-रिंग (रबरी कडी) पाहावी. ती चिरली असेल तर तेथून गॅस गळतो. आम्ही प्रवाह मिनिटाला १० ते १५ लिटरच्या दरम्यान ठेवतो आणि वेल्डिंगच्या दिशेने पंखा लावत नाही.

ट्रिगर मधूनच बंद पडणे हा दोष क्वचित येतो. मशीन बंद करून कनेक्टरच्या दोन बारीक पिनांवर मल्टिमीटर लावावा आणि ट्रिगर दाबून केबल हँडलजवळ हलवावी. तार बहुधा तेथेच तुटलेली सापडते.

टिप, नोझल, स्प्रिंग, लायनर, स्विच असे प्रत्येक अंग स्वतंत्रपणे मिळते आणि साध्या पान्यांनी बदलता येते, हा या टॉर्चचा मला सर्वांत मोठा गुण वाटतो. मात्र जाड प्लेटवर १.२ ची वायर दिवसभर चालवायची असेल, तर ही टॉर्च घेऊ नये. त्यासाठी २५ किंवा ३६ नंबरची टॉर्च पाहावी.