पुरातून आलेला सरफेस ग्राइंडर: दुरुस्तीनंतर आठ महिने वापरून

सरफेस ग्राइंडर म्हणजे फिरत्या व्हीलनं स्टील घासून सपाट करणारं मशीन. ऑगस्ट २०१९ च्या पुरात हे मशीन हेडपर्यंत, म्हणजे व्हील असलेल्या वरच्या भागापर्यंत, पाण्यात होतं. जुलै २०२१ मध्ये ते ज्या वर्कशॉपमध्ये होतं तिथं पंचगंगेचं पाणी परत शिरलं, तेव्हापासून मालकानं त्याला हात लावला नव्हता. मी बघायला गेलो तर कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभं. नेमप्लेटच्या जागी चार रिव्हेटची भोकं उरलेली आणि टेबल दोघांनी ढकललं तरी जागचं हलेना. ६ × १८ इंची, हातानं चालवायचं, वजन सहाशे किलोच्या आसपास. भंगाराच्या भावावर थोडं चढवून २६,००० रुपयांना घेतलं. दुरुस्तीत सात महिने गेले. आता आठ महिने रोज संध्याकाळी आणि रविवारी दिवसभर त्यावर काम करतोय, म्हणून लिहायला बसलो.

मी हुपरीच्या चांदी कारागिरांसाठी छोटे पंच आणि डाय (आकार दाबायचे साचे) बनवतो. डी-टू नावाचं टूल स्टील, कडक करून आणलं की ५८ ते ६० एचआरसी (कडकपणाचं माप). त्यावर फाइल चालत नाही, कटर चालत नाही, ग्राइंडिंगच लागतं. बाहेर दिलं की चार-चार दिवस जातात. घरामागं पत्र्याची १० × १४ फुटांची शेड होती, तिथं ग्राइंडर बसवायचं ठरवलं.

सगळ्यात आधी ती गोष्ट सांगतो, जी मला मशीन घेण्याआधी कुणीतरी सांगायला हवी होती.

पहिल्या दोन महिन्यांत मी स्पिंडल (व्हील फिरवणारा दांडा) आणि मोटर करून घेतली, रॉकेलनं सगळं धुतलं, रंग दिला. मग मॅग्नेटिक चक (काम धरून ठेवणारा चुंबकी पाट) टेबलवर बसवून त्याच मशीनवर ग्राइंड केला. हेडला डायल (बारीक फरक काट्यानं दाखवणारं मापयंत्र) लावला, टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. काटा हलला नाही. मला वाटलं, मशीन जिंकलं. लगेच २५० मिमी लांबीच्या दोन पॅरलल पट्ट्या ग्राइंड केल्या आणि ओळखीच्या टूलरूममध्ये ग्रॅनाइटच्या अगदी सपाट सरफेस प्लेटवर नेऊन ठेवल्या. पट्टीच्या एका टोकाला बोटानं हलकेच ढकललं, तर ती बरोबर मध्यावर गर्रकन फिरली. सपाट पट्टी अशी फिरत नाही. ती दोन्ही टोकांपासून साधारण एक तृतीयांशावर अडते आणि तिथून वळते. मध्यावर फिरते ती पट्टी मध्ये फुगलेली असते. मोजलं तर ८ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग).

डायल शून्य दाखवत होता तरी हे झालं, आणि कारण साधं आहे. टेबल ज्या वाकड्या वाटेनं सरकतं, त्याच वाटेनं सरकत चक ग्राइंड झाला. मग त्याच वाटेवर डायल फिरवला तर तो शून्यच दाखवणार. मशीनची साक्ष मशीनकडूनच घेतल्यासारखं झालं. जुना ग्राइंडर विकणारे डायल लावून दाखवतात आणि आपण मान डोलावतो. त्यापेक्षा एक लांब पट्टी समोर ग्राइंड करून घ्या, ती घरी आणा आणि सरफेस प्लेटवर फिरवून बघा. माझ्या साठ मिमीच्या डायला त्या ८ मायक्रॉननं फरक पडला नसता, हेही खरं. पण पॅरलल पट्टीवर पुढची सगळी मापं उभी राहतात, तिथं चूक सोडून पुढं जायला माझं मन धजलं नाही.

टेबल उचलून काढलं. या मशीनचं टेबल फक्त स्वतःच्या वजनानं व्ही आणि सपाट अशा दोन स्लाइडवर (सरकायच्या वाटांवर) बसलेलं असतं, दोघांनी जपून उचललं की निघतं. सॅडलमध्ये, म्हणजे टेबलखालच्या भागात, तेलाचे खळगे आणि त्यात स्प्रिंगवर बसवलेले छोटे रोलर असतात. टेबल सरकलं की रोलर फिरतो आणि खालचं तेल वर स्लाइडला लावतो. त्या खळग्यांत पुराचा गाळ दगडासारखा बसला होता. एकही रोलर फिरत नव्हता. म्हणजे पहिल्या पुरानंतर मालकानं वरवर पुसून जेवढे दिवस काम केलं, तेवढे दिवस स्लाइडला तेल नव्हतं, होती ती बारीक माती. त्यात टेबल टोकाला गेलं की त्याचा बाहेर लटकणारा भाग सॅडलच्या कडेवर भार टाकतो. झीज टोकांनाच जास्त झाली होती. स्ट्रेट एजला (अचूक सरळ पट्टीला) निळं लावून टेकवलं तर रंग फक्त मध्ये उमटला, दोन्ही टोकं ४० मायक्रॉनहून जास्त खाली गेलेली.

इथून पुढचं काम आप्पांमुळं झालं. आप्पा आमच्या गल्लीतले, आयुष्यभर फिटर म्हणून लेथचे बेड स्क्रेप केलेले, म्हणजे हातानं खरवडून सपाट केलेले. हात आता थरथरतो, पण डोळा तसाच. कार्बाइड पात्याचा स्क्रेपर त्यांनी माझ्या हातात दिला, मूठ कमरेच्या हाडाजवळ टेकवायला लावली आणि म्हणाले, "हातानं रेटू नगंस, कमरेनं रेट. आनि घाई करू नगंस पोरा. निळं लावलंस की लोखंडच सांगतंय कुठं खरवडायचं ते."

निळा रंग अगदी पातळ लावायचा, स्ट्रेट एज टेकवून थोडी सरकवायची, उचलायची. जिथं निळं लागलं तो उंचवटा, तेवढाच खरवडायचा. पुसायचं, परत निळं. माझ्या हाताच्या एका फेरीत ३-४ मायक्रॉन निघायचे. पुढची फेरी आधीच्या फेरीला तिरकी घ्यायची, नाहीतर लाटा पडतात. व्हीच्या दोन्ही बाजूंसाठी आप्पांनी त्यांच्याकडची तिकोनी मास्टर पट्टी आणून दिली. सॅडल झाल्यावर टेबलची खालची बाजू सॅडलवर मॅच केली. अडीच महिने संध्याकाळच्या संध्याकाळ हेच. शेवटी एक इंच चौकोनात पंधरा-सोळा ठिपके सगळीकडे सारखे यायला लागले तेव्हा आप्पांनी हात फिरवून बघितला आणि "आता तेल घाल" म्हणाले. ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल घालून टेबल ठेवलं. बोटाच्या टोकानं ढकललं आणि ते पाण्यावरच्या होडीसारखं गेलं. तो क्षण मी विसरणार नाही.

चक परत ग्राइंड केला, पट्ट्याही परत ग्राइंड केल्या. आता २५० मिमीवर २ मायक्रॉनच्या आत येतात, आणि आठ महिन्यांनी गेल्या आठवड्यात परत तपासलं तेव्हाही तेवढंच आलं. रोलर दर महिन्याला टेबल उचलून बघतो.

स्पिंडलमध्ये पाणी गेलेलं, बेअरिंग गंजलेली. अँग्युलर कॉन्टॅक्टची मॅच केलेली जोडी, पी-फोर अचूकतेची, अधिकृत विक्रेत्याकडूनच घेतली. बाजारात नामवंत कंपन्यांच्या खोक्यात भलताच माल मिळतो, चार-पाच हजार वाचवायला जाऊन स्पिंडल बिघडवू नका. ग्रीस बेअरिंगच्या मोकळ्या जागेच्या चौथाईपेक्षा जास्त भरलं नाही, जास्त भरलं की तापतं. टेपरवर (व्हील बसतं त्या निमुळत्या टोकावर) रनआउट, म्हणजे फिरताना होणारी डगमग, २ मायक्रॉन.

मोटर एक एचपी, थ्री फेजची, आणि घरात सिंगल फेज. रिवाइंडिंगवाल्याला सांगून सहाही टोकं बाहेर काढून घेतली. स्टारमध्ये ४१५ व्होल्टला चालणारी हीच मोटर डेल्टात जोडली की २३० व्होल्टच्या व्हीएफडीवर (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारा, वेग बदलता येणारा ड्राइव्ह) पूर्ण ताकदीनं चालते. व्हीएफडीचा खरा फायदा नवी बेअरिंग हळू वेगानं रुळवताना झाला. एक मात्र लक्षात ठेवा. थांबण्याचा वेळ कमी ठेवू नका. स्पिंडल झटक्यात थांबलं आणि जड व्हील फिरतच राहिलं तर नट सैल होऊ शकतो. मी ८ सेकंद ठेवलाय. ५० हर्ट्झच्या वर कधीच नेत नाही. २०० मिमीचं व्हील २८५० आरपीएमला सेकंदाला ३० मीटरनं फिरतं, आणि माझ्या व्हीलवर मर्यादा ३३ ची छापलेली आहे.

व्हील पांढरं, ६० ग्रिट (कणांचा बारीकपणा), के ग्रेड (व्हीलचा कडकपणा). स्टील जितकं कडक तितकं व्हील मऊ लागतं, हे नव्या माणसाला उलटं वाटतं. पण मऊ व्हीलचे बोथट कण वेळेवर गळून पडतात आणि कडक स्टील जळत नाही. चढवण्याआधी प्रत्येक व्हील बोटावर टांगून लाकडी मुठीनं वाजवतो. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तरच चढवतो. बद्द वाजलं तर फेकून देतो, मग ते नवं का असेना.

शेडमध्ये एप्रिलच्या दुपारी तापमान चाळिशीला जातं. सुरुवातीला दुपारी कोरडं ग्राइंडिंग केलं आणि पातळ प्लेटा वाकड्या यायला लागल्या. प्लेटची वरची बाजू तापली की ती मध्ये उचलली जाते, व्हील मधलं जास्त खातं, गार झाली की मध्ये खळगा. आता पातळ काम पहाटे सहा ते आठ करतो, एका वेळी ५ मायक्रॉनहून जास्त घेत नाही आणि फवाऱ्याचं कूलंट लावलंय. धुळीसाठी व्हॅक्यूम आणि एन-९५ मास्क दोन्ही. घर शेजारीच आहे, मुलं येतात-जातात, त्यामुळं यात मी तडजोड करत नाही.

आमच्याकडचा पाऊस बघता गंजाची काळजी होती. काम झालं की चक पुसून तेलाचा हात, वर जाड सुती कापड, आणि जूनपासून कापडाखाली ६० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर. जुलैअखेर चकवर एक ठिपकाही नाही.

जे जमलेलं नाही तेही सांगतो. टेबल पुढं-मागं नेणाऱ्या क्रॉस फीडच्या स्क्रूला ०.३ मिमी बॅकलॅश (दिशा बदलताना फुकट फिरणं) आहे. नेहमी एकाच बाजूनं येत गेलं की त्रास होत नाही, म्हणून नट बदललेला नाही. हेड खाली घेताना मात्र अजून अडतं. ५ मायक्रॉन फिरवावं तर आधी काहीच होत नाही, मग एकदम १० उतरतं. कॉलमची (हेड ज्यावर वर-खाली सरकतं त्या खांबाची) गिब पट्टी, म्हणजे स्लाइडमधली फट भरणारी पट्टी, काढून बघितली तर तिच्या मागंही गाळाची रेघ सापडली, आणि कॉलमची स्लाइड वरच्या निम्म्या भागात ओरखडलेली आहे. सध्या हेड ०.१ मिमी वर घेऊन परत खाली आणतो आणि स्पार्क ऐकून काम करतो. मापात काम येतं, पण प्रत्येक डायला दहा-पंधरा मिनिटं जास्त जातात. कॉलम उभ्यानं स्क्रेप करता येत नाही, हेड उतरवून तो आडवा घ्यावा लागेल. दिवाळीनंतर हुपरीची ऑर्डर कमी झाली की काढणार आहे. आप्पांनी स्क्रेपरचं पातं आत्ताच धार लावून, तेलाच्या फडक्यात गुंडाळून आणून दिलंय.