लांब रॅचेट टॅप हँडल: वर्षभर वापरल्यानंतर

टॅप म्हणजे भोकात आटे पाडायचं हत्यार. एम ५ ते एम १२ (५ ते १२ मिमी व्यासाच्या आट्यांचे) टॅप धरणाऱ्या ३०० मिमीच्या टी-हँडलचा रॅचेट, म्हणजे एकाच दिशेनं पकडणारी दातेरी यंत्रणा, अखेर घसरायला लागला. पुढे फिरवताना दात सुटतो, खट्ट आवाज होतो आणि टॅप जागेवरच राहतो. उद्यमनगरातल्या विक्रेत्याचं उत्तर, "याला वॉरंटी नसते, नवीन घ्या." नवीन घेणार नाही. त्याचं कारण रॅचेट नाही. या हँडलचा खरा दोष तोंडाशी आहे आणि तो पहिल्या दिवसापासून होता.

काम नेहमीचंच: बीडाच्या (कास्ट आयर्नच्या) गिअरबॉक्स हाउसिंगमध्ये किंवा पंपाच्या केसिंगमध्ये तळाच्या बॉसवर, म्हणजे उंचवट्यावर, आटे पाडायचे. भोवती भिंती, त्यामुळे साधं हँडल फिरत नाही. टॅपची स्वतःची लांबी एम ८ ला ७२ मिमी, एम १० ला ८०. त्यापुढचं अंतर कशानं तरी भरून काढावंच लागतं.

सुरुवातीला रॅचेट फार आवडला होता. अर्धा फेरा मिळाला तरी काम पुढं सरकतं. पण जसजसे टॅप मोडले, तसतसं मत बदललं. हँडलचे दोन जबडे टॅपच्या दांडीच्या वरच्या टोकाचा चौकोन दोनच बाजूंनी धरतात, आणि वर्षभरात ते आतून गोल झाले. ६.३ मिमीच्या चौकोनावर ०.२ मिमी ढिलाई असली तरी मागं-पुढं मिळून साडेतीन अंशांचा प्ले (रिकामी हालचाल) येतो. त्यात रॅचेटच्या दातांचा प्ले वेगळा. स्टीलमध्ये चीप (कापून निघणारी धातूची कात्रण) तोडायला अर्धा फेरा उलटा घेता तेव्हा हात आधी हा सगळा रिकामा प्ले खातो आणि मग टॅपला झटका बसतो. टॅप अडकायला लागलाय हे बोटांना कळायला हवं, ते कळतच नाही. खोल जागेतले बहुतेक टॅप इथंच मोडतात.

दुसरा शत्रू पीळ. १० न्यूटन-मीटर टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) ८ मिमी जाड, ३०० मिमी लांब सळई सुमारे ५ अंश पिळवटते. तेवढ्याच लांबीची १२ मिमीची सळई फक्त १ अंश. पिळाचा हिशोब व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो, म्हणून लांबी वाढवताना जाडी वाढवायलाच हवी. बारीक, लवचिक एक्स्टेन्शन हातात छान वाटतं, पण टॅपला घातक.

आता जे वापरतो ते सांगतो. एम ८ च्या आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानकाच्या) टॅपचा चौकोन ६.३ मिमी असतो आणि पाव इंची सॉकेट सेटच्या एक्स्टेन्शन बारचा मादी चौकोनही नाममात्र ६.३ च. टॅप त्यात सरळ बसतो. १५० मिमीचा बार घेतला तर एकूण पोच २१० मिमीच्या आसपास जाते, आणि वरचा नर चौकोन साध्या सरळ टॅप हँडलमध्ये धरता येतो. बार बहुतेकांच्या पेटीत पडलेलाच असतो. थोडा प्ले राहतो, तो चौकोनाच्या एका बाजूला पातळ पितळी पत्ती घालून मारायचा. टॅप खाली सुटू नये म्हणून जोडावर श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवायची, कारण बारमध्ये टॅपला धरून ठेवणारं काहीच नसतं. बारा कोनी सॉकेटमध्ये चौकोन बसवायचा उद्योग मात्र नको. तो फक्त कडांवर धरतो आणि चौकोन गोल करतो.

घेण्याआधी व्हर्नियर लावून चौकोन मोजा, कारण टॅपवर फक्त साइज वाचून फसगत होते. आयएसओमध्ये एम ६ ला ५, एम ८ ला ६.३, एम १० ला ८, पण एम १२ ला ७.१. एम १२ चा एम १० पेक्षा लहान, कारण त्याची दांडी ९ मिमीपर्यंत उतरवलेली असते. डीआयएन ३५२ (जर्मन मानक) च्या टॅपला एम ६ आणि एम ८ दोन्हींना ४.९, तर एम १० ला ५.५. तयार एक्स्टेन्शनचं मानक डीआयएन ३७७, त्यात ६.२ आणि ७ असे आकडे येतात. त्यात आयएसओचे ६.३ आणि ७.१ जाणार नाहीत. ८ मिमी दोन्हीकडे सारखा, म्हणून आयएसओ एम १० साठी डीआयएन ३७७ चं ८ मिमीवालं बिनधास्त घ्या.

रोजचं काम असेल तर स्वतःचं बनवून घेणं सगळ्यात चांगलं. ईएन ८ स्टीलचा १६ मिमी बाहेरील व्यासाचा १२ मिमी लांब बुश घेऊन वायरकटवाल्याकडून (विजेच्या तारेनं धातू कापणाऱ्याकडून) आरपार ६.३३ चा चौकोन कापून घ्यायचा. टॅपचा चौकोन ९ मिमी लांब, म्हणजे पूर्ण आत बसतो. मागच्या बाजूला १६ मिमीचा रॉड लेथवर सरळ लावून वेल्ड करायचा, वेल्ड थंड झाल्यावर मगच टॅप घालायचा. टॅप धरून ठेवायला बुशमध्ये एम ४ चा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू). प्ले अर्ध्या अंशावर येतो आणि टॅप नेमका कधी आवळतोय ते बोटांना कळतं. टॅपच्या दांडीलाच रॉड वेल्ड करणारे आहेत, पण त्या उष्णतेनं टॅपचं एचएसएस (हाय-स्पीड स्टील) जोडाजवळ ठिसूळ होतं आणि तिथंच तुटतं.

लांब एक्स्टेन्शन तिरकं व्हायला वेळ लागत नाही. हाउसिंगच्या तोंडावर पट्टी क्लॅम्प करून तिच्यात रॉडपेक्षा किंचित मोठं भोक असलेला नायलॉनचा बुश ठेवा, खालच्या भोकाशी एका रेषेत. पहिले दोन आटे पडेपर्यंत गुनियानं बघत राहा. आटे पाडण्याआधीचं ड्रिल एम ८ ला ६.८ मिमी, एम १० ला ८.५. ब्लाइंड होल (आरपार नसलेलं भोक) असेल तर तीनच्या सेटमधल्या पहिल्या टॅपच्या तोंडाशी साधारण आठ आटे उतरते असतात, म्हणजे एम ८ ला १० मिमी जागा त्यातच जाते. तेवढी खोली नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्या टॅपनं संपवा. बीड कोरडंच चालतं, बुरादा चुंबकानं काढा. ॲल्युमिनियमला रॉकेल, स्टीलला कटिंग ऑइल.

उंचीच कमी असेल, म्हणजे वर शंभर मिमीही नसतील, तर यातलं काही चालत नाही. तिथं टॅपच्या चौकोनावर पाना लावू नका, तो एका बाजूनं ढकलतो आणि टॅप तुटतो. चारी बाजूंनी धरणारा चौकोनी सॉकेट आणि छोटं सपाट रॅचेट, एवढंच चालतं.

रॅचेट हँडल अजून पेटीत आहे. दिशा बदलायचा नॉब मधे लॉक करून, म्हणजे रॅचेट बंद ठेवून, एम ६ ला वापरतो. एम ६ ला बळच कमी लागतं, त्यामुळे जबड्यांची ढिलाई तिथं सहन होते. एम ८ पासून पुढं मात्र हातही लावत नाही.