सात महिने 'रेन' करून बघितलं, आता लिहिते

आठ दिवसांतच लिहिलं असतं तर एक स्टार दिला असता. रेन ही भावनांसोबत बसायची एक ध्यानाची पद्धत, नाव म्हणजे तिच्या चार पायऱ्यांची इंग्रजी आद्याक्षरं, रेकग्नाइज, अलाउ, इन्व्हेस्टिगेट, नर्चर. भावना ओळखायची, तिला असू द्यायचं, शरीरात कुठे जाणवतेय ते बघायचं आणि मग स्वतःशी जरा मायेनं वागायचं. मिशेल मॅकडॉनल्ड या ध्यानशिक्षिकेनं बनवलं, मानसशास्त्रज्ञ तारा ब्रॅक यांच्यामुळे सगळीकडे पोचलं. (मूळचा एन नर्चरचा नव्हता, 'हा राग म्हणजे मी नाही' असा काहीसा होता, मला तोच जास्त झेपतो.)

पहिले दोन महिने मी चक्क चीटिंग करत होते. छातीत धडधड सुरू झाली की 'ये बाई, बस' म्हणायचं आणि मिनिटभरात बघायचं, गेली का? म्हणजे पाहुण्याला बस म्हणायचं आणि त्याच्या चपला दाराकडे वळवून ठेवायच्या! १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञानं लोकांना सांगितलं होतं, ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आलाच तर घंटी वाजवा, आणि घंट्या काही थांबेनात. माझं 'गेली का' म्हणजे तीच घंटी.

मग एकदा जवळच्या मैत्रिणीशी वाजलं. हा भलामोठा मेसेज टाईप करून ठेवला, पाठवायच्या आधी म्हटलं दहा मिनिटं बसू. राग राग म्हणत होते पण पोटात गोळा, घसा आवळलेला, कान गरम, आणि बसल्यावर हळूहळू कळलं की हा राग नाहीये, अपमान झाल्यासारखं वाटतंय, आणि हे कबूल करायला रागापेक्षा कितीतरी जड गेलं. गोळा रात्रीपर्यंत तसाच होता. मेसेज मात्र नाही गेला.

एक सांगते, डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की मला कधीकधी जास्तच घाबरायला होतं, तेव्हा डोळे उघडे ठेवून तळपाय जमिनीला टेकलेत एवढंच बघते. जुनं काही मोठं दुखणं असेल तर एकट्यानं उकरत बसू नका, काउन्सेलर गाठा.

साडेतीन स्टार. एक कापला कारण ऐन भांडणात यातलं काही आठवत नाही, तासाभरानं आठवतं. अर्धा त्या नर्चरचा, छातीवर हात ठेवून 'असू दे गं' म्हणायला मला अजून लाज वाटते.